मुरायला ठेवलेले टायर

तिसऱ्यांदा 'फुस्स' झालं तेव्हा सौहिला सायकलला लाथच घालणार होती. पण सायकल पडली वडिलांची! आणि लाथ घालायला पायात जोरही उरला नव्हता. ब्लिदा गाव खाली राहिलं होतं, श्रेआचा घाट वर पसरला होता, आणि मधे ही बाई हातात पंप घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती.

"हवा नाही गेली ती," मागून आवाज आला. "टायरच गेलाय. देवाघरी."

ती गर्रकन वळली. एक जुनी पांढरी व्हॅन कधी येऊन थांबली होती, तिला कळलंही नव्हतं. निळा कामाचा झगा घातलेला एक लांबटांग्या तरुण चाकाशी उकिडवा बसला होता. तिच्याकडे त्याने अजून एकदाही पाहिलं नव्हतं. सगळं लक्ष चाकावर! तिला राग आला, आणि का कुणास ठाऊक, जरा बरंही वाटलं.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"टायरने. केव्हाचा हाका मारतोय बिचारा. हे बघा..." त्याने रबरावरून अंगठा फिरवला. "आतला दोरा दिसायला लागला. असला टायर दोघंच चालवतात, एक कंजूष आणि एक हट्टी. तुम्ही त्यातल्या कोण?"

"मी घाईतली आहे, दादा."

ते 'दादा' मुद्दाम होतं. ब्लिदातल्या मुली दाराला कडी घालावी तसा तो शब्द घालतात. एकदा घातला की समोरचा शहाणा माणूस नमस्कार करून निघून जातो.

हा शहाणा नव्हता. "बहिणी घरी तीन आहेत," तो म्हणाला. "चौथीला जागा नाही. माझं नाव लुनिस."

तिला हसू फुटलं. ते लपवायला तिने संत्र्याच्या बागेकडे तोंड केलं, तोवर उशीर झाला होता.

त्याने व्हॅनमधून रसाचं रिकामं खोकं काढलं, त्याचा जाड तुकडा कापून फाटलेल्या जागी आतून बसवला, ट्यूब बदलली, हवा भरली. सगळं मिळून पाच मिनिटं. "वरपर्यंत नेईल. उतरताना मात्र..."

'उतरताना' म्हटलं आणि सौहिलाचा चेहरा उतरला. एक क्षणभरच. पण त्याने पाहिलं. वाक्य अर्धंच सोडून तो उठला आणि हात झग्याला पुसले.

"दुकानात या. बाब एस्सब्तच्या बाजारामागे, हमामला लागून. अशूर सायकलवाला कुठे म्हणून विचारा. माझे बाबा ते."

आता सौहिलाचं दुखणं सांगायलाच हवं. चढावर या मुलीला गाठेल अशी दुसरी मुलगी अख्ख्या ब्लिदात नव्हती. दर वसंतात ब्लिदा ते श्रेआ आणि परत अशी शर्यत होते. शेवट खाली गावात. दोन वर्षांपूर्वी ती वर सगळ्यांच्या आधी पोचली होती, आणि उतरताना सातव्या वळणावर, झऱ्यापाशी, भर वळणात तिने ब्रेक दाबला. सायकल घसरली. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती राहिली. गेल्या वर्षी प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत दाबत ती नववी आली. राष्ट्रीय संघाच्या शिबिराला पहिल्या तिघी जातात, आणि वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. आई म्हणाली होती, "सोड ना आता. दवाखान्यात चांगली नोकरी आहे." सौहिला म्हणाली होती, "शर्यत झाल्यावर बोलू."

शर्यत तीन आठवड्यांवर होती.

दुसऱ्याच दिवशी ती दुकानात गेली. दुकान म्हणजे एक लांबट बोळ. छताला चाकं टांगलेली, भिंतीला टायरच टायर, आणि शेजारच्या हमाममधून साबणाचा वास. अशूरकाका दारात खुर्ची टाकून बसले होते.

"तेवीस मिलिमीटरचे द्या," ती म्हणाली. "सगळ्यात अरुंद. दगडासारखी हवा भरून. आमचे कोच तेच सांगतात."

"कोच खाली पडले होते का कधी?" आतून लुनिसने विचारलं.

"काय संबंध?"

"बसा सायकलवर. सांगतो."

त्याने जमिनीवर कोरडा पुठ्ठा टाकला. तिच्या सायकलला आधी अरुंद टायर चढवला, हवा ठासून भरली, ओल्या फडक्याने टायर भिजवला. तिला वर बसवून चाक पुठ्ठ्यावर टेकवलं. हँडल त्याने धरलं होतं. हँडलवर जागा ती केवढी! चार हात मावायचे कसे? मावले. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि तो... तोही भिंतीकडेच. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीएक नव्हतं.

मग हेच त्याने अठ्ठावीसच्या टायरने केलं, थोडी हवा कमी ठेवून. पुठ्ठ्यावर दोन ओले ठसे उमटले. एक लांबट, काटकुळा. दुसरा अंगठ्याएवढा, भरीव.

"बघा. वळणावर तुम्ही एवढ्याशा जागेवर उभ्या असता. मी असतो तर हा जाड अंगठा घेतला असता."

"जाड टायर संथ असतो."

"कुणी सांगितलं? ब्लिदाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी? कडक टायर उड्या मारतो, आणि उडी मारणारं चाक रस्ता सोडतं."

"तुम्ही विकायला बसलाय की शिकवायला?"

"बसवायला," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

टायर निवडायला माणसाला किती वेळ लागावा? एक तास, फार तर दोन. सौहिलाला दोन आठवडे लागले. कधी रंग बघायला, कधी नक्षी बघायला, कधी "सहज इकडून जात होते" म्हणून. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, हे अशूरकाकांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. कॉफी मात्र रोज तीन कप सांगायचे. 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कोणत्या कपाला झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. तोवर ती कोचकडून मागून आणलेल्या टायरवर चढ चढत होती. उतरताना ब्रेकचा दांडा दाबून दाबून हाताला वळ पडत होते.

एका दुपारी लुनिस बाहेर गेला होता. काकांनी मागचं हिरवं कपाट उघडलं. आत अंधारात टायर टांगलेले, प्रत्येकाला एक चिठ्ठी.

"हे काय, काका?"

"मुरायला ठेवलेत, पोरी. नवं रबर म्हणजे कालचं मिठातलं लिंबू. दिसतं छान, चव नाही. दोन-तीन वर्षं अंधारात राहू दे, मग बघ रस्त्याला कसं धरतं! आमच्या काळचे सगळे शर्यतवाले असंच करायचे. चाळीस वर्षं हेच कपाट, हीच जागा."

तिने एका जोडीला हात लावला. हाताने शिवलेले, सुती बाजूचे, पंचवीसचे. असले टायर तिने फक्त चित्रात पाहिले होते.

"ते विकायचे नाहीत हं. एका मुलीचे आहेत."

"कोणत्या मुलीचे?" सौहिलाला ते मुळीच आवडलं नाही.

"मला काय ठाऊक? लुनिसने टांगलेत. मुलगी न्यायला आलीच नाही म्हणे." काका मिशीत हसले आणि कॉफी सांगायला निघून गेले.

तिने चिठ्ठी उलटवली. नाव नव्हतं, फक्त तारीख होती. चौदा एप्रिल, दोन वर्षांपूर्वीची. पडल्याची ती तारीख सौहिलाला स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ होती.

लुनिस आला तेव्हा चिठ्ठी तिच्या हातात होती.

"तू होतास तिथे?"

तो दारातच थबकला. "मदतीच्या गाडीवर... तुझी सायकल मी उचलली. तू स्ट्रेचरवर पडून ओरडत होतीस, 'मला काय बघता, आधी सायकल बघा!'"

"मी? असं ओरडले?"

"अख्ख्या घाटाने ऐकलं. संध्याकाळी मी येऊन ही जोडी आत टांगली. वाटलं, पुन्हा उतरायला येईल तेव्हा लागेल तिला."

"दोन वर्षं, लुनिस! मी त्याच गावात राहते. एकदा येऊन सांगायचंस तरी."

"मुरत होते ना..." तो जमिनीकडे बघत म्हणाला.

सौहिलाने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "शर्यत मी यांच्यावरच पळणार. ठरलं!" त्या रात्री तिला झोप लागली, आणि स्वप्नात सातवं वळण आलं नाही.

शर्यत शुक्रवारी सकाळी. गुरुवारी अकरा वाजता सौहिला दवाखान्यात रक्त काढत होती. समोर एक जाडजूड मावशी बाही वर करून बसली होती, मागे दहा जण रांगेत. दार ढकलून लुनिस आत आला. निळा झगा तसाच, खांद्यावर ते दोन टायर.

"इथे? आत्ता? अरे, माणसं बघ!"

"आत्ताच सांगायला हवं." त्याने टायर तिच्यासमोर धरून वाकवला. बाजूच्या रबरावर केसाएवढ्या भेगा होत्या. शेकडो. "सकाळी बसवायला काढले. हमामवाल्याने गेल्या हिवाळ्यात पाणी तापवायचा बंब आमच्या भिंतीला आणला. कपाटामागची भिंत तापते, हे मला कळलंच नाही. बाबांनी चाळीस वर्षं ठेवले, म्हणून मीही डोळे मिटून ठेवले."

"म्हणजे?"

"सरळ रस्त्यावर चालतील. बाबा म्हणतात, बसव, काही होत नाही. पण वळणावर... सौहिला, मला शपथ घेता येणार नाही. तुला यावर बसू देणार नाही मी."

रांगेतले दहाही जण माना पुढे काढून ऐकत होते.

"पोराने खरं तरी सांगितलं," मावशी म्हणाली. "आमच्या ह्यांनी तीस वर्षांत एकदा सांगितलं असेल तर शपथ! बाई, माझं रक्त काढतेस का?"

सौहिलाला रडू येत होतं. टायरसाठी नव्हे. एवढं जपून ठेवलेलं, तिच्यासाठी ठेवलेलं, आणि तिला कळायच्या आत वाया गेलेलं. तिला त्याचा इतका राग आला, आणि तो राग इतका आपल्या माणसावर येणाऱ्या रागासारखा होता, की ती स्वतःच दचकली.

"मुरवायचं म्हणून ठेवलंस आणि वाळवून टाकलंस," ती म्हणाली.

"मला वाटलं, योग्य वेळ आली की..."

"योग्य वेळ उद्या सकाळी आठ वाजता आहे! तीन वाजता सुटते मी. दुकान उघडं ठेव. आणि आता बाहेर हो, मावशींचा हात आखडला."

बरोबर सव्वातीनला ती दुकानात होती. लुनिसने भिंतीकडे हात नेला तसा तिने अडवला. "तू नाही. मी निवडते."

तिने तेवीस उतरवले, वाकवून पाहिले, परत टांगले. पंचवीस पाहिले. मग अठ्ठावीस काढले. अंगठ्याने दाबले, वास घेतला, बाजू ताणून पाहिली. कोऱ्या रबराचा उग्र वास आला. पहिल्या दिवशीचा पुठ्ठा अजून कोपऱ्यात उभा होता. ठसे कधीच वाळून गेले होते. तिने तरी एकदा तिकडे पाहिलं.

"हे."

"अठ्ठावीस? ब्रेकखाली नखाएवढीच जागा राहील," काका कुरकुरले. "आणि काल कारखान्यातून आलेत! अगदी कच्चे! तुझा कोच काय म्हणेल?"

"तेवीसवर मी पडले, काका. कोच नव्हते पडले."

टायर तिने स्वतः चढवला. सगळा बसला, शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. दोन्ही अंगठे पांढरे पडले. लुनिस तिच्याकडे बघत होता. मदत मागितली तरच देईन, असा चेहरा.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "ये ना!"

त्याने आपले अंगठे तिच्या अंगठ्यांशेजारी ठेवले. दोघांनी श्वास रोखला, दाबलं, आणि टक् करून कड आत गेली. हात मात्र लगेच निघाले नाहीत. काकांना अचानक बाहेर काहीतरी काम आठवलं.

नव्या टायरवर गुळगुळीत पापुद्रा असतो. तो रस्त्यावर घासून काढल्याशिवाय वळणावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून संध्याकाळ होईपर्यंत दोघं संत्र्याच्या बागांतून फिरले. ती पुढे, तो अशूरकाकांच्या सायकलवर धापा टाकत मागे. झाडं फुलांनी पांढरी झाली होती, वास नुसता दाटला होता. ती प्रत्येक वळण दहादा घेत होती, डावीकडून, उजवीकडून. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरलं की बोटं मोकळी. आधी भीत भीत, मग जरा कमी भीत.

"सौहिला, थांब जरा..." तो मागून म्हणाला. "मला तुला एक सांगायचंय. दोन वर्षं झाली..."

"आज नको." तिने सायकल उभी केली. "आज ऐकलं तर उद्या वळणावर तेच कानात वाजेल. उद्या तू झऱ्यापाशी उभा राहा. सातव्या वळणावर. मी भर वळणात ब्रेक दाबला नाही, तर आधी मी बोलेन."

"आणि दाबलास तर?"

"तर तू गप्प बसायला मोकळा. सवय आहेच तुला."

शुक्रवार उजाडला तो पाऊस घेऊनच. बारीक, चिवट पाऊस, आणि वर देवदारांत धुकं. चढावर सौहिलाने सगळ्यांना मागे टाकलं, ते नेहमीचंच. श्रेआला वळसा घेतला तेव्हा ती अर्ध्या मिनिटाने पुढे होती. मग उतार सुरू झाला.

पहिलं वळण. दुसरं. ओरानची एक मुलगी मागून आली आणि सुसाट पुढे निघून गेली. जाऊ दे, ती स्वतःला म्हणाली. चौथं, पाचवं. मागे अजून दोघींच्या चाकांचा आवाज येत होता. सहाव्यानंतर झरा दिसला, आणि झऱ्यापाशी पावसात भिजलेला एक निळा झगा.

वळणाच्या आधी तिने ब्रेक दाबला. वळण आलं. रस्ता काळा, ओला, चकाकणारा. बोटं ब्रेककडे सरकली... दोन वर्षं ती अशीच सरकत होती. तिला पुठ्ठा आठवला. दोन अंगठ्यांएवढी जागा. ही मी निवडलेली आहे, ती म्हणाली. मी! बोटं मोकळी राहिली. सायकल कलली, टायरने रस्ता धरला, आणि सोडला नाही.

निळा झगा सर्रकन जवळ आला. सौहिलाने तोंड उघडलं आणि घाटभर घुमेल असं ओरडली, "तुझ्या आईला घरी पाठव, मागणी घालायला!"

मग झरा मागे गेला, वळण मागे गेलं, आणि ती मोठमोठ्याने हसत गावाकडे सुटली. मागच्या दोघींनी तिला पुन्हा गाठलं नाही.

ती दुसरी आली. ओरानच्या मुलीने शर्यत जिंकली, आणि सौहिलाने तिला घट्ट मिठी मारली. कोचनी आधी टायरकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मुकाट्याने टॉवेल दिला. शिबिराच्या यादीत तिचं नाव लिहिलं गेलं. आईने गर्दीत डोळे पुसले आणि दवाखान्याच्या नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

लुनिस मात्र दिसेना. अर्धा तास झाला. लोक जुम्म्याच्या नमाजाची तयारी करायला घरोघर पांगले. आणि मग तो आला, चालत, सायकल ओढत, नखशिखान्त चिखलाने माखलेला. हातात फाटलेला टायर लोंबत होता.

तिने ओळखला. सुती बाजू, हाताची शिवण. "हे बसवून आलास? वेडा आहेस का तू?"

"टाकवेना," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्या सायकलला तरी चालतील. झऱ्यापासून उतरताना दुसऱ्याच वळणावर फाटला. नशीब, हळू होतो."

सौहिलाने टायर हातात घेतला आणि फाटीत बोट घातलं. आरपार गेलं. एवढ्या पावसात तिच्या अंगावर पहिल्यांदाच शहारा आला. हेच टायर आपल्या सायकलला असते तर... त्याने काल तोंड उघडलं नसतं तर...

"वळणावर काय ओरडलीस तू?" त्याने विचारलं.

"ऐकलंस की."

"ऐकलं. पुन्हा ऐकायचंय."

"आईला घरी पाठव म्हटलं. तीन बहिणींनाही. आम्ही कॉफी करू."

चिखलातून त्याचे दात तेवढे चमकले. "पाठवतो! पण जरा तयारी... मिठाईला बुफारिकची झलाबिया आणायला हवी, बहिणींचे कपडे, आणि बाबा म्हणतील, चांगला दिवस बघू. पुढच्या महिन्यात..."

"उद्या," सौहिला म्हणाली.

"उद्या?"

"उद्या, लुनिस. कपाटात ठेवलेल्या गोष्टीचं काय होतं ते माझ्या हातात आहे."

तिने तो टायर त्याच्या गळ्यात अडकवला आणि त्याला घराच्या दिशेने ढकललं.